प्रकाशावर चालणाऱ्या विकरात इलेक्ट्रॉन सरकला की प्रथिन कसे हलते: फोटोलायेजवरील कालविभेदी स्फटिक-प्रयोगाचा योग्य क्रम

डीएनए फोटोलायेज हे विकर निळा प्रकाश शोषून घेते आणि त्या ऊर्जेवर एकच इलेक्ट्रॉन हलवून, अतिनील किरणांमुळे एकमेकांना चिकटलेले डीएनएतील दोन थायमिन बेस पुन्हा सुटे करते. हे काम त्यातील फ्लॅविन, म्हणजे एफएडी हा सहघटक, करतो. इलेक्ट्रॉन फ्लॅविनवर येताना किंवा तेथून जाताना भोवतालची अमिनो आम्ले कोणत्या क्रमाने सरकतात, हे क्ष-किरण लेसरने वेगवेगळ्या क्षणी, टप्प्याटप्प्याने टिपता येते; यालाच कालविभेदी प्रयोग म्हणतात. असा प्रयोग आखणाऱ्या आणि त्याचे निष्कर्ष वाचणाऱ्या संशोधक विद्यार्थ्यांसाठी हा लेख आहे.

या कामात सर्वाधिक आढळणारी चूक क्रमाची आहे. स्फटिक मिळाले की लगेच क्ष-किरणांकडे धाव घेतली जाते, आणि फ्लॅविन नेमके कोणत्या अवस्थेत होते याचा विचार इलेक्ट्रॉन-घनतेचा नकाशा, म्हणजे अणू कोठे आहेत ते दाखवणारा नकाशा, हाती आल्यावर सुरू होतो. तोपर्यंत उशीर झालेला असतो, कारण नकाशातील एखादा बदल चार वेगवेगळ्या कारणांनी झालेला असू शकतो: हवा असलेला इलेक्ट्रॉन फ्लॅविनवर आला म्हणून, क्ष-किरणांनीच फ्लॅविनचे क्षपण केले (त्याला इलेक्ट्रॉन दिला) म्हणून, एकाच रेणूने दोन फोटॉन गिळले म्हणून, किंवा नमुना प्रयोगाआधीच खोलीतल्या उजेडात अर्धवट बदलला होता म्हणून. ही चार कारणे एकमेकांपासून वेगळी काढणे हेच या प्रयोगाचे खरे काम आहे, आणि त्यातले बरेचसे काम लेसर सुरू होण्यापूर्वीच करावे लागते.

१. कोणती अभिक्रिया पाहायची ते आधी ठरवा

फोटोलायेजमध्ये प्रकाशाने चालणाऱ्या दोन स्वतंत्र अभिक्रिया आहेत, आणि त्यांची गल्लत फार होते.

पहिली प्रकाश-क्षपणाची. ऑक्सिडीकृत एफएडी प्रकाश शोषतो आणि प्रथिनातील ट्रिप्टोफॅनच्या साखळीतून एक इलेक्ट्रॉन ओढून घेतो. ई. कोलाय या जिवाणूच्या विकरात ही साखळी ट्रिप्टोफॅन ३८२, ३५९ आणि ३०६ अशी आहे. यांतला शेवटचा प्रथिनाच्या पृष्ठभागावर असून द्रावणातील क्षपणकाकडून इलेक्ट्रॉन घेतो. पुढे एक प्रोटॉन आणि दुसऱ्या फोटॉनमागे आणखी एक इलेक्ट्रॉन मिळाला की एफएडीएच ऋण हे पूर्ण क्षपित रूप तयार होते.

दुसरी अभिक्रिया दुरुस्तीची. ती या पूर्ण क्षपित रूपापासूनच सुरू होते: इलेक्ट्रॉन फ्लॅविनकडून थायमिनच्या जोडीकडे जातो, दोन बंध तुटतात आणि इलेक्ट्रॉन परत येतो.

दोन्हींची सुरुवातीची अवस्था वेगळी, लागणारी तरंगलांबी वेगळी, वेळेचा पट्टाही वेगळा. ई. कोलायच्या विकराचा द्रावणात अभ्यास केला असता इलेक्ट्रॉन थायमिन-जोडीकडे जायला सुमारे २५० पिकोसेकंद लागतात, पहिला बंध १० पिकोसेकंदांहून कमी वेळात आणि दुसरा सुमारे ९० पिकोसेकंदांत तुटतो, तर इलेक्ट्रॉन परतायला सुमारे ७०० पिकोसेकंद लागतात. ज्याचे पहिले निरीक्षण १० नॅनोसेकंदांवर आहे, त्याने दुरुस्तीचे रसायन संपल्यावरच दार उघडलेले असते. प्रकाश-क्षपणात मात्र पहिली इलेक्ट्रॉन-उडी अतिशीघ्र असली तरी प्रथिनाची लक्षणीय हालचाल नॅनोसेकंद ते मायक्रोसेकंद या पट्ट्यात होते, त्यामुळे तेथे १० नॅनोसेकंदांचे निरीक्षण मोलाचे ठरते.

पुढील टप्पे मुख्यतः प्रकाश-क्षपण डोळ्यांसमोर ठेवून लिहिले आहेत. दुरुस्तीसाठी जेथे वेगळी काळजी घ्यावी लागते, तेथे तसे नमूद केले आहे.

२. फ्लॅविनच्या अवस्थांचे वर्णपट पाठ करा

प्रत्येक अवस्थेची ओळख शोषण-वर्णपटातून होते. प्रयोगवहीच्या पहिल्या पानावर हे लिहून ठेवावे:

- ऑक्सिडीकृत एफएडी: ३७० आणि ४५० नॅनोमीटरच्या आसपास दोन शिखरे, ४७५ जवळ खांदा, ५२० च्या पुढे जवळजवळ काहीच नाही. रंग पिवळा.
- ऋणभारित मूलक, म्हणजे एक इलेक्ट्रॉन आला पण प्रोटॉन नाही: ३७० आणि ४०० नॅनोमीटरच्या आसपास टोकदार शिखरे, ४५० चे शिखर खाली गेलेले.
- उदासीन मूलक, म्हणजे एक इलेक्ट्रॉन आणि एक प्रोटॉन: ५८० आणि ६२५ नॅनोमीटरच्या आसपास पसरट शोषण. रंग निळा.
- पूर्ण क्षपित एफएडीएच ऋण: ३६० नॅनोमीटरजवळ एक पसरट उंचवटा, ४५० जवळ फारसे शोषण नाही. नमुना जवळजवळ रंगहीन.

ई. कोलायचे फोटोलायेज शुद्ध करताना हवेच्या संपर्कामुळे बहुधा निळ्या उदासीन मूलकाच्या रूपात हाती येते. त्यात एमटीएचएफ हा प्रकाश गोळा करणारा दुसरा सहघटकही असतो आणि तो ३८० नॅनोमीटरच्या आसपास एफएडीपेक्षा दुपटीहून अधिक शोषण करतो. त्यामुळे या विकराच्या वर्णपटात ३८० जवळचे उंच शिखर पाहून फ्लॅविनच्या अवस्थेविषयी निष्कर्ष काढू नये. ४५० आणि ५८० येथील उंची पाहावी.

३. शुद्धीकरण आणि खोलीतला प्रकाश

शुद्धीकरणाचे तपशील प्रत्येक प्रयोगशाळेचे वेगळे असतात आणि त्यांत फारशा चुका होत नाहीत. चुका होतात त्या दिव्यांत.

सावधान: "अंधाऱ्या खोलीत लाल दिवा लावला म्हणजे नमुना सुरक्षित" ही समजूत फोटोलायेजसाठी अर्धीच खरी आहे. ऑक्सिडीकृत आणि पूर्ण क्षपित रूपे लाल प्रकाश शोषत नाहीत, पण निळे उदासीन मूलक ६०० नॅनोमीटरच्या पुढेही शोषते. नमुन्यात त्याचा अंश असेल, तर लाल दिव्याखाली तासभर काम केल्यावर तो अंश हळूहळू पूर्ण क्षपित रूपाकडे सरकतो. अशा नमुन्यासाठी काम शक्य तितके पूर्ण अंधारात करावे आणि दिवा लागलाच तर क्षणभर, शक्य तितक्या मंद उजेडाचा वापरावा.

ऑक्सिडीकृत अवस्थेपासून सुरुवात करायची असेल आणि नमुना निळा असेल, तर पोटॅशियम फेरीसायनाइडने तो हळूहळू ऑक्सिडीकृत करावा आणि नंतर फेरीसायनाइड पूर्णपणे धुवून काढावे. ते मागे राहिले तर पुढच्या टप्प्यात ट्रिप्टोफॅन-साखळीने आणलेला इलेक्ट्रॉन तेच पळवते आणि विकर निकामी आहे असा भास होतो.

पडताळणी: नमुना ३० किलोडाल्टनच्या गाळणीतून सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवा. विकर सुमारे ५० ते ५५ किलोडाल्टनचे असल्यामुळे वर राहील. खाली आलेल्या द्रवात ४५० नॅनोमीटरला शोषण दिसले, किंवा ४५० ने उद्दीपित केल्यावर ५३० नॅनोमीटरजवळ झळाळी दिसली, तर प्रथिनातून सुटलेले एफएडी नमुन्यात आहे. ते काढल्याशिवाय पुढे जाऊ नये. सुटा एफएडी प्रकाशात क्षपणकाशी स्वतःच अभिक्रिया करतो आणि प्रथिनाच्या नावावर ते क्षपण जमा होते.

४. द्रावणात प्रकाश-क्षपण: स्फटिकापूर्वीची परीक्षा

हा टप्पा वगळण्याचा मोह सर्वांत मोठा असतो, कारण तो साध्या वर्णपटमापकावर होतो आणि त्यातून कोणताही आकर्षक नकाशा मिळत नाही. तरीही पुढच्या प्रत्येक निष्कर्षाचा आधार येथेच आहे.

(अ) द्रावणातील ऑक्सिजन काढा. नायट्रोजन किंवा आरगॉनखाली बंद क्युव्हेट वापरा. ऑक्सिजन असेल तर क्षपित फ्लॅविन लगेच पुन्हा ऑक्सिडीकृत होते आणि विकराचा वेग प्रत्यक्षापेक्षा कमी दिसतो.

(आ) क्षपणक म्हणून डीटीटीसारखा थायोल घ्या. येथे ईडीटीएचा मोह टाळावा, कारण तो फ्लॅविनला प्रकाशात थेट इलेक्ट्रॉन देऊ शकतो आणि मग ट्रिप्टोफॅन-साखळीची परीक्षा होतच नाही.

(इ) क्षपणक घातल्यावर, प्रकाश देण्यापूर्वी, नमुना अंधारात ठेवून वर्णपट पुन्हा पुन्हा घ्या. अंधारातच बदल होत असेल तर क्षपणकाचे प्रमाण कमी करा.

(ई) ४५० नॅनोमीटरच्या एलईडीने थोडा थोडा प्रकाश द्या आणि प्रत्येक मात्रेनंतर वर्णपट घ्या. ४५० चे शिखर खाली जाताना मध्ये ४०० चे शिखर वर येते, की ५८० ते ६२५ चा पसरट भाग वर येतो, याची नोंद ठेवा. पहिले दिसले तर प्रोटॉन उशिरा येतो आहे. दुसरे दिसले तर तुमच्या प्रकाश-मात्रांच्या मधल्या वेळात तो येऊन गेला आहे.

(उ) हेच सर्व, साखळीतला एक ट्रिप्टोफॅन बदलून फिनिलअ‍ॅलॅनिन केलेल्या विकरावर करा. प्रकाश-क्षपण थांबले किंवा फार मंदावले पाहिजे. बदललेले विकरही तितक्याच वेगाने क्षपित होत असेल, तर इलेक्ट्रॉन दुसऱ्या वाटेने येतो आहे आणि मूळ विकरावरचे निरीक्षणही संशयास्पद ठरते.

साखळीचे क्रमांक एका जातीच्या विकरावरून दुसरीकडे उचलू नयेत. कालविभेदी स्फटिक-अभ्यासांत बहुतेक वेळा वापरले जाणारे मिथॅनोसार्सिना माझेई या सूक्ष्मजीवाचे फोटोलायेज वर्ग-२ मधले असून त्यातील ट्रिप्टोफॅनची मांडणी ई. कोलायपेक्षा वेगळी आहे. रचना उघडून फ्लॅविनपासून पृष्ठभागापर्यंतचा मार्ग स्वतः मोजावा.

५. सूक्ष्म स्फटिक: आकाराचे गणित

स्फटिकात विकर इतके दाटीने बसलेले असते की प्रकाश आत पोहोचणे हीच अडचण होते. सुमारे ५४ किलोडाल्टनचे प्रथिन सर्वसाधारण घट्टपणाच्या स्फटिकात असेल तर त्याची संहती जवळपास १३ मिलिमोलर येते. ऑक्सिडीकृत एफएडीचा ४५० नॅनोमीटरचा शोषण-गुणांक सुमारे ११,३०० धरला, तर १० मायक्रोमीटर जाडीच्या स्फटिकातून सुमारे ७२ टक्के प्रकाश पलीकडे जातो, २० मायक्रोमीटरमधून ५१ टक्के आणि ५० मायक्रोमीटरमधून जेमतेम १९ टक्के.

अर्थ सरळ आहे. ५० मायक्रोमीटरच्या स्फटिकात पुढच्या थरातील रेणूंना मागच्या थराच्या पाचपट प्रकाश मिळतो. मागच्यांना पुरेसा द्यायला गेलात तर पुढचे रेणू दोन-दोन, तीन-तीन फोटॉन शोषतात. पुढच्यांना जपायला गेलात तर मागचे अंधारात राहतात. १० ते २० मायक्रोमीटर हा आकार म्हणूनच योग्य, आणि आकारातील एकसारखेपणा सरासरी आकाराइतकाच महत्त्वाचा. मोठे स्फटिक हाती असतील तर उद्दीपनाची तरंगलांबी शोषण-शिखरावरून उताराकडे सरकवणे हा दुसरा उपाय आहे.

पडताळणी: स्फटिकांचा वर्णपट सूक्ष्मदर्शकाखालील वर्णपटमापकावर घ्या. द्रावणातील अवस्था स्फटिकातही तीच आहे असे गृहीत धरू नका. स्फटिकीकरणाला लागणाऱ्या दिवसांत ऑक्सिजन, अवक्षेपक आणि पीएच तिन्ही आपापले काम करीत असतात. चपट्या स्फटिकात सर्व फ्लॅविन एका दिशेने तोंड करून असू शकतात, म्हणून ध्रुवीकृत प्रकाशात दोन दिशांनी मापन करावे.

दुरुस्तीच्या प्रयोगात येथे एक पेच आहे. विकर क्षपित करण्यासाठी प्रकाश वापरला आणि त्याच वेळी सदोष डीएनए जोडलेला असला, तर तोच प्रकाश डीएनएही दुरुस्त करून टाकतो. म्हणून क्षपण डीएनए मिसळण्यापूर्वी तरी करावे, नाहीतर अंधारात रासायनिक क्षपणकाने तरी करावे, आणि त्यानंतरचे सर्व काम ऑक्सिजनरहित पेटीत करावे.

६. नेहमीच्या क्ष-किरण यंत्रावरची रचना आणि तिची मर्यादा

इंदूरच्या इंडस-२ वरील पीएक्स-बीएल२१ सारख्या सिंक्रोट्रॉन बीमलाइनवर (प्रवेगित इलेक्ट्रॉनपासून क्ष-किरण देणाऱ्या यंत्राच्या केंद्रावर) स्फटिकांची प्रत, एकक कोशाची (स्फटिकात पुन्हा पुन्हा येणाऱ्या मूळ चौकटीची) मापे आणि विभेदन (किती बारीक तपशील दिसतो ते) तपासून घेणे शहाणपणाचे आहे. फक्त त्या रचनेला "ऑक्सिडीकृत अवस्थेची रचना" म्हणण्याची घाई करू नये. १०० केल्विन तापमानाला प्रथिन-स्फटिकासाठी ३० मेगाग्रे ही किरणमात्रेची परिचित मर्यादा आहे, पण ती एकूण विवर्तन टिकण्याची मर्यादा आहे. फ्लॅविन त्याच्या कितीतरी आधी क्ष-किरणांनी सुटलेले इलेक्ट्रॉन पकडते आणि वाकते. मापनाच्या आधी आणि नंतर स्फटिकाचा वर्णपट घेतला तर हा बदल डोळ्यांनी दिसतो.

हाच त्रास टाळण्यासाठी क्ष-किरण मुक्त-इलेक्ट्रॉन लेसर वापरतात. त्याचा स्पंद काही दहा फेम्टोसेकंदांचा किंवा त्याहून छोटा असतो, आणि अणू हलण्यापूर्वीच विवर्तन नोंदवले जाते. प्रत्येक स्फटिकाचा एकच फोटो मिळतो, म्हणून एका कालबिंदूसाठी हजारो प्रतिमा गोळा कराव्या लागतात. जपानमधील साक्ला आणि स्वित्झर्लंडमधील स्विसएफईएल येथे फोटोलायेजवर असे काम झाले आहे.

७. लेसरची मात्रा: येथे सर्वाधिक प्रयोग फसतात

येथून पुढे नुसते "लेसर" म्हणजे फ्लॅविनला उद्दीपित करणारा प्रकाशाचा लेसर, क्ष-किरणांचा नव्हे. पुरेसा बदल दिसावा म्हणून लेसर वाढवणे ही प्रवृत्ती समजण्यासारखी आहे, पण ती मोजून आवरली पाहिजे. वर दिलेल्या शोषण-गुणांकावरून हिशेब केला, तर ४५० नॅनोमीटरला सुमारे १० मिलिज्यूल प्रति चौरस सेंटिमीटर या मात्रेला स्फटिकाच्या पृष्ठभागावरील प्रत्येक फ्लॅविनमागे सरासरी एक फोटॉन शोषला जातो. "सरासरी एक" हे ऐकायला आदर्श वाटते. प्रत्यक्षात त्या मात्रेला ३७ टक्के रेणूंना एकही फोटॉन मिळत नाही, ३७ टक्क्यांना एक मिळतो आणि २६ टक्क्यांना दोन किंवा अधिक मिळतात. सरासरी ०.३ ठेवली तर ७४ टक्के रिकामे, २२ टक्के एक-फोटॉनचे आणि फक्त ४ टक्के बहु-फोटॉनचे राहतात. सरासरी ३ केली तर एक-फोटॉनचे रेणू १५ टक्क्यांवर येतात आणि सुमारे ८० टक्के बहु-फोटॉनचे होतात. मग जो नकाशा मिळेल तो जीवशास्त्राशी संबंध नसलेल्या अवस्थांचा असेल.

दुसऱ्या फोटॉनचे नुकसान स्पंदाच्या लांबीवर ठरते. फेम्टोसेकंद स्पंदात उद्दीपित रेणूच आणखी एक फोटॉन शोषून उच्चतर अवस्थेत जातो किंवा आयनीभूत होतो. नॅनोसेकंद स्पंदात पहिली इलेक्ट्रॉन-उडी पूर्ण होते आणि तयार झालेला मूलकच पुन्हा उद्दीपित होतो. शिवाय ४५० नॅनोमीटरच्या एका फोटॉनची ऊर्जा सुमारे २.७६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असते; तिचा मोठा भाग शेवटी उष्णता होतो, आणि त्या उष्णतेने प्रथिनाचे दूरवरचे भागही किंचित हलतात.

करण्याची रीत अशी: स्फटिकांच्या पातळ लगद्यावर क्षणिक वर्णपट (लेसर-स्पंदानंतर अल्पकाळ टिकणाऱ्या शोषणाचा वर्णपट) घेऊन मात्रा हळूहळू वाढवा. सुरुवातीला संकेत मात्रेच्या प्रमाणात वाढतो, नंतर वक्र झुकू लागतो. जेथपर्यंत रेषा सरळ आहे तेथपर्यंतचीच मात्रा वापरा. पूर्ण क्षपित रूपासाठी हिशेब नव्याने करावा, कारण ते ४०० नॅनोमीटरच्या आसपास उद्दीपित करावे लागते आणि तेथील त्याचा गुणांक बराच कमी आहे.

सावधान: लेसरच्या ठिपक्याचा व्यास कागदोपत्री घेऊ नका. मध्यभागी मात्रा कडेपेक्षा जास्त असते. हिशेबात मध्यभागची मात्रा धरा.

८. नमुन्याचा प्रवाह आणि अंधाराची खात्री

दाट माध्यमात मिसळलेले स्फटिक बारीक सुईतून सतत बाहेर पडत असतात आणि एक क्ष-किरण स्पंद लेसरच्या प्रकाशासह, एक प्रकाशाविना, असे आळीपाळीने मापन होते. सेकंदाला ३० स्पंद असतील आणि लेसरचा ठिपका ०.१ मिलिमीटरचा असेल, तर प्रवाहाचा वेग किमान ३ मिलिमीटर प्रतिसेकंद हवा. माध्यमात प्रकाश विखुरतो, म्हणून दुप्पट-तिप्पट ठेवलेला बरा. वेग कमी पडला की आधीच्या स्पंदात उजळलेला भाग पुढच्या "अंधार" मापनात येतो आणि फरक-नकाशातील (प्रकाश आणि अंधार या मापनांच्या फरकातून केलेल्या नकाशातील) खरा संकेत स्वतःलाच खोडतो.

पडताळणी: लेसर पूर्ण बंद ठेवून घेतलेली एक स्वतंत्र माहिती हवीच. तिची आणि आळीपाळीच्या अंधार-माहितीची तुलना करा. फ्लॅविनभोवती दोहोंत काही फरक दिसला, तर प्रवाह किंवा दिव्यांची व्यवस्था सुधारल्याशिवाय एकही कालबिंदू घेऊ नका. बीमटाइम, म्हणजे क्ष-किरण यंत्रावर मिळालेला वेळ, वाया जाईल या भीतीने ही तुलना रात्रीवर ढकलली जाते. ती पहिल्या दोन-तीन तासांतच झाली पाहिजे.

९. कालबिंदू

वेळेच्या मापावर बिंदू गुणोत्तराने पसरवा, सारख्या अंतराने नको. वर्णपटात जेथे एक अवस्था दुसरीत बदलते, त्या जागेच्या दोन्ही बाजूंना बिंदू हवेत. माझेईच्या विकरावर २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या दुरुस्तीच्या अभ्यासात १८ कालबिंदू होते. रसायन पिकोसेकंद ते नॅनोसेकंदांत, क्षपित विकर आणि दुरुस्त डीएनए यांची जोडी ५०० नॅनोसेकंदांना पूर्ण, आणि थायमिन बेस परत डीएनएच्या आत वळतानाच्या अवस्था २५ ते २०० मायक्रोसेकंदांत, असे चित्र त्यातून मिळाले. इतके बिंदू सर्वांना परवडत नाहीत. चार-पाचच घ्यायचे असतील तर प्रत्येकासाठी भरपूर प्रतिमा घ्या. कमी प्रतिमांच्या दहा बिंदूंपेक्षा ते उपयोगी पडतात.

१०. फरक-नकाशा आधी, प्रतिरूप नंतर

प्रकाश आणि अंधार या दोन माहितींतील आयामांचा (विवर्तनाच्या ठिपक्यांच्या तीव्रतेवरून काढलेल्या मूल्यांचा) थेट फरक घेऊन केलेला नकाशा हाच पहिला पुरावा आहे. त्यात खरा सरकलेला अणू जोडीने दिसतो: जुन्या जागी ऋण, नव्या जागी धन. एकटा धन ठिपका किंवा फक्त ऋण ठिपका दिसला तर थांबून विचार करावा. साधारण तीन ते साडेतीन सिग्मा (सिग्मा म्हणजे नकाशातील चढउतारांचे प्रमाण विचलन) ही पातळी वापरतात, पण त्या पातळीवर संपूर्ण प्रथिनात एकूण किती ठिपके दिसतात आणि त्यांतले किती फ्लॅविनच्या जवळ आहेत, हे मोजल्याशिवाय सिग्माच्या आकड्याला अर्थ नाही. दोन माहितींच्या एकक कोशांत सूक्ष्म फरक असला तरी सर्वत्र खोटे ठिपके उमटतात.

यानंतरच वाढीव नकाशा करावा, म्हणजे फरकाला उद्दीपित रेणूंच्या अंशाने भागून तो अंधाराच्या आयामांत मिळवावा. हा अंश निवडताना मोठी गफलत होते: हवे ते वैशिष्ट्य ठळक दिसेपर्यंत अंश कमी करत नेला जातो. अंश जितका लहान तितका गोंगाट मोठा. क्षणिक वर्णपटातून मिळालेला अंश आणि नकाशातून मिळालेला अंश यांचा मेळ बसला पाहिजे. वर्णपट १५ टक्के सांगत असेल आणि नकाशासाठी ४० टक्के घ्यावे लागत असतील, तर कोठेतरी बहु-फोटॉन किंवा मापनाची चूक आहे.

११. फ्लॅविनचे बंधन-नियम

परिष्करणाच्या, म्हणजे रचनेचे प्रतिरूप मापनाशी जुळवण्याच्या, संगणक-प्रणालींत एफएडीच्या आकाराचे ठरीव नियम असतात आणि ते बहुधा सपाट, ऑक्सिडीकृत रूपाचे असतात. तेच नियम मूलकाला लावले तर वाकलेले वलय प्रणाली स्वतः सपाट करून देते आणि "फ्लॅविन वाकले नाही" असा निष्कर्ष निघतो. उलट, क्षपित रूपाचे नियम लावले तर वाक आधीच ठरलेला असतो. योग्य मार्ग हा की प्रत्येक अवस्थेचे नियम क्वांटम-रासायनिक गणनेतून काढावेत, वलयाच्या सपाटपणावरचे बंधन सैल ठेवावे, आणि एकाच माहितीवर सपाट, वाकलेले व पिळलेले अशी तीनही प्रतिरूपे तपासून कोणते फरक-नकाशाशी जुळते ते पाहावे. दोन अँगस्ट्रॉम विभेदनाला वलयाचा वाक किंवा पीळ दिसू शकतो. एखाद्या बंधाची लांबी ०.०३ अँगस्ट्रॉमने बदलली हे दिसू शकत नाही. तसे आकडे लिहू नयेत.

१२. हालचालींचा क्रम लावणे

माझेईच्या विकरातील प्रकाश-क्षपणावर २०२२ साली आलेल्या अभ्यासाने जो क्रम दाखवला, तो अपेक्षेचा आराखडा म्हणून समोर ठेवता येतो. लक्ष फ्लॅविनजवळच्या तीन अमिनो आम्लांवर ठेवायचे: फ्लॅविन-वलयातील एन-५ या नायट्रोजनसमोरचे अ‍ॅस्पॅराजिन-४०३, आणि क्षार-सेतूने (विरुद्ध विद्युतभारांच्या आकर्षणाने) बांधलेली अर्जिनिन-३७८ व अ‍ॅस्पार्टेट-४०९ ही जोडी. पहिला इलेक्ट्रॉन आल्यावर फ्लॅविनवर ऋणभार येतो. तो सावरण्यासाठी अर्जिनिन जवळ सरकते आणि फ्लॅविनचे वलय जोरदार पिळले जाते. त्यानंतर अर्जिनिन आणि अ‍ॅस्पार्टेटमधला क्षार-सेतू तुटतो, आणि तो तुटल्यामुळेच अर्जिनिनकडून फ्लॅविनला प्रोटॉन मिळण्याची वाट मोकळी होते. दुसऱ्या इलेक्ट्रॉनसाठी प्रथिन अशा रीतीने तयार होते.

येथे वाचकांकडून वारंवार होणारी चूक म्हणजे नकाशातून प्रोटॉन "पाहिला" असे म्हणणे. या विभेदनाला प्रोटॉन दिसत नाही. सेतू तुटल्याचा क्षण नकाशातून मिळतो, ४०० चे शिखर जाऊन ५८० चे शोषण येण्याचा क्षण वर्णपटातून मिळतो, आणि दोन्ही क्षण जुळले तरच प्रोटॉनविषयी बोलता येते. हे मापन स्फटिकांच्याच लगद्यावर केलेले असावे, कारण स्फटिकातील दाटीमुळे द्रावणातल्या वेळा जशाच्या तशा लागू होतातच असे नाही.

क्रम सिद्ध करण्याचा सर्वांत भक्कम उपाय अमिनो आम्ल बदलण्याचा आहे. क्षार-सेतूतील एक टोक बदलून तयार केलेल्या विकरात पीळ येतो पण प्रोटॉन येत नाही असे वर्णपटात दिसले, तर पीळ आधी आणि सेतू नंतर, या मांडणीला बळ मिळते. पीळच आला नाही, तर त्या अमिनो आम्लाचे काम ऋणभार सावरण्याचेही आहे, आणि दोन घटना वेगळ्या करण्यासाठी दुसरा बदल निवडावा लागतो. उष्णतेमुळे झालेल्या हालचाली वेगळ्या काढण्यासाठी ट्रिप्टोफॅन बदललेले विकर कामी येते: त्यात प्रकाश तितकाच शोषला जातो, उष्णता तितकीच निर्माण होते, पण इलेक्ट्रॉन फ्लॅविनवर टिकून राहत नाही. मूळ विकरात आणि यात सारखीच दिसणारी प्रत्येक हालचाल यादीतून वगळावी.

निष्कर्ष लिहिताना प्रत्येक कालबिंदूपुढे या नोंदी एकत्र द्याव्यात: स्फटिकाचा सरासरी आकार, मध्यभागातील लेसर-मात्रा आणि तिच्यावरून काढलेले प्रतिरेणू फोटॉन, वर्णपटातून मिळालेला उद्दीपित अंश, नकाशासाठी वापरलेला अंश, फ्लॅविनसाठी लावलेले बंधन-नियम, आणि लेसर-बंद माहितीशी केलेल्या तुलनेचा निकाल. यांपैकी एखादी नोंद नसेल तर ती जागा रिकामी ठेवून तसे लिहावे, म्हणजे त्या कालबिंदूवर किती भार टाकायचा ते वाचणाऱ्याला ठरवता येईल.